हजेरी क्रमांक नऊशे सत्त्याण्णव

१

तळमजला वारल्याचं शुक्रवारी दुपारी कळलं, आणि शनिवारी सकाळी सात वाजून एक्केचाळीस मिनिटांनी तो हजर झाला.

"हजर. बाल्कनीच्या दाराला फट पडली आहे." शेजारी हिरव्या अक्षरात आकडा होता : सलग ९९७.

ऑपरेटरबाईंनी चहाचा कप बशीत न ठेवता टेबलावरच ठेवला. असं त्या एरवी करत नसत. आदल्या दुपारीच 'तळमजला' हे टोपणनाव घेतलेल्या माणसाच्या सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन आला होता. लिफ्टची वार्षिक तपासणी होती. दरवर्षी तपासनीस आला की तळमजला खाली येऊन उभा राहायचा आणि फुकट सल्ला द्यायचा, कारण हयात त्यानं लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवली होती. या वर्षी तो खाली आला नाही म्हणून सेक्रेटरी चार मजले चढून गेले, आणि मग दार फोडावं लागलं. डॉक्टर म्हणाले हृदयविकार, दोन-चार मिनिटांत आटोपलं असेल, आणि याला आठ दिवस तरी झाले असावेत. टेबलावरच्या काचेखाली एक चिठ्ठी होती, तीवर 'अडचण आल्यास' असं लिहून ऑपरेटरबाईंचा नंबर होता.

आठ दिवस. आणि त्या आठही दिवशी तळमजल्यानं सकाळी हजेरी लावली होती. आज नववी.

हे सगळं चाललं होतं ते 'सुटे भाग' या संकेतस्थळावर. ते निघालं घरगुती यंत्रांच्या दुरुस्तीसाठी. मिक्सर गुरगुरतो, काय करावं, असं कुणीतरी विचारायचं आणि चौघं अनोळखी लोक चार परस्परविरोधी उपाय सांगायचे. सहा महिन्यांत मिक्सर मागे पडला आणि गुडघे, जावई, झोप आणि गॅसवर उतू गेलेलं दूध हे विषय आले. साठेक माणसं होती, बहुतेक निवृत्त, बरीचशी एकटी राहणारी. खरी नावं सांगायची नाहीत, पत्ते द्यायचे नाहीत, फोन नंबर मागायचे नाहीत, असा नियम होता. त्यामुळे माणसं बरीच मोकळेपणानं बोलत. ओळखीच्या माणसाला कोण सांगतं की काल दिवसभर मी कुणाशीच बोललो नाही म्हणून?

ऑपरेटरबाई या संकेतस्थळाच्या व्यवस्थापक. एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढल्यामुळे हे नाव. एकट्या सभासदांचे पत्ते आणि नंबर फक्त त्यांच्या वहीत. हजेरीची कल्पनाही त्यांचीच : एकट्यानं सकाळी नवाच्या आत 'हजर' लिहायचं आणि सोबत घरात काय बिघडलं ते एका ओळीत. बारापर्यंत हजेरी नाही आली की बाई फोन करणार, फोन उचलला नाही की माणूस पाठवणार. तीन वर्षांत दोनदा माणूस पाठवावा लागला. एक जण न्हाणीघरात घसरून पडला होता, तो वाचला. दुसरा नुसता गावाला गेला होता, तो रागावला.

नुसतं 'हजर' लिहायला लोक कंटाळतात असं दिसल्यावर बाईंनी आणखी एक गंमत केली. सलग किती दिवस हजेरी झाली त्याचा आकडा नावापुढे दिसू लागला. हजार पुरे करणाऱ्याचं नाव सोनेरी अक्षरात. लोक लगेच वेळेवर येऊ लागले. बाईंना त्या कल्पनेचा अभिमान होता.

येत्या मंगळवारी तळमजल्याचे हजार होणार होते.

बाईंनी त्याच्या खात्यावर खासगी निरोप टाकला : "मी ऑपरेटर. हे तळमजला नव्हेत, मला माहीत आहे. तुम्ही कोण?" तो वारल्याचं त्यांनी कुठेच जाहीर केलं नाही. मग साडी बदलून त्या त्याच्या घरी निघाल्या. तीन वर्षांत पहिल्यांदाच.

२

लिफ्टला तपासनिसाचं सील लागलं होतं. ज्याला फुकट विचारायचं तो नव्हता, म्हणून यंदा ती नापास झाली. बाई चार मजले चढल्या.

दार त्याच्या मुलीनं उघडलं. ती दुसऱ्या शहरात दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवायची. रात्रभराचा प्रवास करून आली होती. पस्तिशीची, बोटांना पांढुरकी भुकटी कायमची बसलेली. बाईंनी आपण कोण ते सांगितलं.

"म्हणजे तुम्ही त्या," ती म्हणाली. "अनोळखी लोकांपैकी."

"हो."

"बसा काकू."

घर दीड खोल्यांचं होतं. बाल्कनी नव्हती. दाराला फट पडायला मुळात बाल्कनी लागते, एवढं बाईंनी मनात टिपलं. स्वयंपाकघरात एक पातेलं, एक तवा, कुकर नव्हता. गेल्या पंधरा दिवसांच्या हजेऱ्या बाई कागदावर उतरवून घेऊन आल्या होत्या : कुकरची रिंग सैल झाली. भिंतीवरचं घड्याळ पाच मिनिटं मागे पडतं. उशाच्या दिव्याचं बटण अडकतं. काठीची मूठ हलते. भिंतीवर घड्याळही नव्हतं. उशाला दिवा नव्हता. काठीही कुठे दिसली नाही. दुसऱ्याच कुठल्यातरी घराचे बिघाड या घराच्या नावावर लागत होते.

पलंगाशेजारच्या स्टुलावर डोळ्यांच्या थेंबांच्या दोन बाटल्या आणि रुग्णालयाचा छापील तक्ता होता. दिवसातून चार वेळा थेंब, प्रत्येक वेळेपुढे चौकोन, चौकोनात बरोबरची खूण. बुधवारचे चार. गुरुवारचे दोन. पुढचे सगळे चौकोन कोरे.

"डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं त्यांचं?" बाईंनी विचारलं. "तुला माहीत होतं?"

"नाही." मुलीनं तक्त्याखालचा कागद ओढून काढला. घरी सोडतानाचं पत्र होतं. मोतीबिंदू, मंगळवारी सकाळी दाखल, दुपारी घरी. पंधरा दिवस मोबाइल, टीव्ही, संगणक पूर्ण बंद. पत्राच्या तळाशी 'सोबत आलेली व्यक्ती' असा रकाना होता, तिथे त्याच्या अक्षरात लिहिलं होतं : मुलगी. खाली गाडीत थांबली आहे.

तिनं ते दोनदा वाचलं.

"मी नव्हते," ती म्हणाली. जणू कुणी आरोप केला होता.

 बाईंनी कागद घडी घालून ठेवायला हात पुढे केला नाही.

"काकू, एक विचारू?" मुलगी पलंगाच्या कडेवर बसली. "आमचं भांडण झालं होतं. महिना झाला. मी म्हटलं, तुम्ही त्या अनोळखी लोकांशी नळाच्या चकतीवर तास तास बोलता, आणि माझा फोन आला की 'बरा आहे, ठेवतो'. मग त्यांनी फोनच उचलणं बंद केलं. शेवटी मीच तुमच्याकडे सभासद झाले. टोपणनाव घेऊन. माझ्या बापाशी बोलायला."

" 'नवीन सभासद' ती तू?"

"सुचलंच नाही दुसरं. मागच्या शुक्रवारी संध्याकाळी त्यांना खासगी निरोप टाकला. 'बाबा, मी आहे. उद्या येऊ का?' " तिनं मोबाइल पुढे केला. निरोपाखाली बारीक अक्षरात होतं : वाचले. शनिवार, ७.४१. "वाचलं त्यांनी. आणि उत्तर दिलं नाही. मग मी नाही आले. त्यांनी वाचून उत्तर का दिलं नाही, एवढंच मला हवंय. सोमवारी सकाळी माझी बस आहे. हे न कळता मी जाऊ शकत नाही हो."

बाईंनी एकदा तारखेकडे पाहिलं आणि एकदा तक्त्याकडे. थेंबांच्या खुणा गुरुवारी दुपारी थांबल्या होत्या. निरोप शनिवारी सकाळी वाचला गेला होता.

मेलेल्या माणसाच्या नावानं कुणीतरी नुसतं लिहीत नव्हतं. वाचतही होतं.

३

कुठल्या यंत्रावरून कोण लिहितो हे कळायची सोय असते म्हणतात. 'सुटे भाग'वर ती नव्हती. संकेतस्थळ बनवणाऱ्यानं ती 'पुढच्या आठवड्यात' टाकतो असं तीन वर्षांपूर्वी सांगितलं होतं. बाईंना एवढंच दिसायचं की कुणी कुणाला खासगी निरोप पाठवला आणि तो कधी वाचला गेला. काय लिहिलं ते दिसत नसे. गेल्या महिन्यात मुलगी सोडून तिघांनी तळमजल्याशी खासगी बोलणं केलं होतं.

शिवाय एक गोष्ट बाईंच्या ध्यानात आली. पंधरा दिवसांतली पहिली परकी हजेरी ऑपरेशनच्या मंगळवारची होती. तो गेला गुरुवारी. म्हणजे हा लपवाछपवीचा प्रकार मरणानंतर सुरू झाला नव्हता. तो जिवंत असताना, बहुधा त्याच्याच सांगण्यावरून, सुरू झाला होता. ज्याला पडद्याकडे बघायला बंदी आहे त्यानं आपला परवलीचा शब्द कुणाला तरी दिला होता. नियमाविरुद्ध. नियम बाईंचाच होता.

शनिवारी दुपारी त्यांनी वही उघडून पहिला फोन लावला तो 'शांतता राखा' हिला. ही निवृत्त ग्रंथपाल.

"तळमजला?" ती हळू आवाजात म्हणाली. घरीही ती हळूच बोलायची. "ते नाहीयेत लिहीत सध्या. मला कधीच कळलंय."

"कशावरून?"

" 'दाराला फट पडली आहे' म्हणे. अहो, त्या माणसानं आजवर फट मिलिमीटरमध्ये मोजल्याशिवाय सांगितली आहे का?"

"मग तुम्ही मला बोलला का नाहीत?"

 "मला वाटलं, कुणीतरी येऊन राहिलं असेल त्यांच्याकडे. मुलगी, सून, कुणीही. त्यांना विचारून लिहीत असेल. मला बरंच वाटलं हो. थोडा हेवाही वाटला. काय झालंय?"

"सांगते नंतर. तुमच्याकडे बाल्कनी आहे?"

"आहे. का?"

"काही नाही."

दुसरा 'बखिया'. हा शिंपी, अजून थोडं काम करायचा, बोलताना तोंडात टाचण्या असल्यासारखं बोलायचा.

"ताई, मी त्यांना मशीनच्या मोटरबद्दल विचारलं होतं. दहा दिवस झाले. उत्तर नाही."

"मग काळजी नाही वाटली?"

" 'वाचले' असं दिसत होतं ना. रोज. माणूस वाचतोय म्हणजे माणूस आहे. रागावला असेल, कामात असेल, पण आहे. आपण आणखी काय बघणार इथून?"

"तुम्ही काठी वापरता का हो?"

"पायडल मारून मारून पाय गेलेत ताई, काठीशिवाय कसं? पण तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सहज."

तिसरा 'पाचवा गिअर'. पस्तीस वर्षं बस चालवलेला माणूस. तळमजल्याचा प्रतिस्पर्धी म्हणून सगळे त्यालाच ओळखायचे, कारण सलग हजेरीत तो नऊशे एक्क्याण्णववर, बरोबर सहा दिवस मागे होता. तळमजल्याची एक हजेरी चुकली असती तर पहिलं सोनेरी नाव याचं झालं असतं. त्यामुळे तळमजल्याच्या नावानं हजेरी लावण्याचं कारण जगात कुणाकडे नसेल तर ते याच्याकडे.

"बोला बाई!" त्याचा आवाज मागच्या सीटपर्यंत ऐकू जाईल असा होता. "आज शनिवारी कुठे माझी आठवण?"

"तळमजल्याशी बोलणं होतं का तुमचं?"

"आमचं कसलं बोलणं? स्पर्धा आहे आमची."

"खासगी निरोप गेलेत तुमचे."

"टोमणे मारतो अधूनमधून. त्याशिवाय मजा काय? का हो, काही म्हणाला का तो?"

शेवटचं वाक्य त्यानं जरा घाईनं विचारलं. फोन ठेवल्यावर बाई बराच वेळ रिसीव्हरकडे बघत बसल्या. मोबाइल असूनही त्या घरी जुना फोन ठेवत. हात ठेवायला काहीतरी लागतं.

तिघांपैकी दोघांनी आपण होऊन काहीतरी कबूल केलं होतं, आणि तिसऱ्यानं त्यांनाच उलटा प्रश्न केला होता. पण त्यावरून काही ठरत नव्हतं. ठरणार होतं ते रविवारी सकाळी. बाईंचा निरोप त्या खात्यात पडून होता. वाचणारा घाबरेल, पुन्हा फिरकणार नाही, आणि तिघांपैकी कोण दिवसभर गप्प राहतो ते दिसेल.

४

रविवारी सात वाजून एक्केचाळीस मिनिटांनी तळमजला आला.

"हजर. काठीचं रबर झिजलं आहे." सलग ९९८.

आणि बाईंच्या निरोपाखाली उमटलं : वाचले.

'तुम्ही तळमजला नव्हेत, मला माहीत आहे' हे ज्यानं वाचलं त्यानं पुढच्या मिनिटाला शांतपणे काठीच्या रबराची बातमी दिली होती. इतका निर्ढावलेला माणूस 'सुटे भाग'वर नव्हता. इथे सगळ्यात मोठा गुन्हेगार म्हणजे दुसऱ्याच्या चर्चेच्या धाग्यात विषयांतर करणारा.

बाई उठल्या, फेरी मारली, परत बसल्या. मग त्यांनी शांतता राखा हिला फोन करून सांगितलं, मला एक खासगी निरोप टाका, काहीही. तो आल्यावर त्यांनी आपल्या खात्यातून बाहेर पडून परत प्रवेश केला. निरोपाला हातही लावला नाही.

"दिसतंय का काही?" त्यांनी फोनवर विचारलं.

" 'वाचले' दिसतंय."

"मी वाचलेलं नाही."

"मग?"

"आत पाऊल टाकलं की सगळे निरोप वाचलेले धरतं हे यंत्र. तीन वर्षांत आपल्याला कळलं नाही, कारण आपण आत आलो की निरोप वाचतोच. आपल्याकडे आणखी येतं कोण?"

म्हणजे रोज सकाळी कुणीतरी तळमजल्याच्या खात्यात शिरत होतं, एक ओळ लिहीत होतं आणि दोन मिनिटांत मान खाली घालून बाहेर पडत होतं. निरोपांकडे न बघता. मुलीचा निरोप, बखियाचा, बाईंचा. सगळ्यांवर त्याच्या पावलाचा ठसा, आणि वाचलेला एकही नाही.

कोण? बाल्कनी ग्रंथपालबाईंकडे होती, काठी शिंप्याकडे. घराघरांत बाल्कन्या असतात आणि गुडघे तर सगळ्यांचेच. बिघाडांच्या मागे लागून काही हाती येणार नाही, हे बाईंना उमगलं. मग त्यांनी उलट बाजूनं बघितलं. एखादा माणूस रोज आपल्या घरातला एक बिघाड दुसऱ्याच्या नावावर लिहीत असेल, तर त्याच्या स्वतःच्या हजेरीला काय उरेल?

त्यांनी तिघांच्या गेल्या तेरा दिवसांच्या हजेऱ्या काढल्या. शांतता राखा : कपाटाला वाळवी, चष्म्याचा स्क्रू, शेजाऱ्यांचा रेडिओ. बखिया : मोटर, मोटर, पुन्हा मोटर. पाचवा गिअर, जो एरवी नळ गळला तर घाटातल्या ब्रेकफेलपासून सुरुवात करायचा, त्याच्या तेरा हजेऱ्या सारख्याच होत्या.

हजर.

हजर.

हजर.

हार दिसायला लागली म्हणून रुसलाय, असं सगळ्यांनी धरलं होतं. दोघा-तिघांनी तशी थट्टाही केली होती. बाईंनीही एकदा.

५

दार त्यानं उघडलं तेव्हा हातात काठी होती. काठीला रबर नवंकोरं.

"अरे देवा," तो म्हणाला. "कळलं वाटतं."

"काठी कधीपासून?"

"क्लचनं घेतलाय गुडघा. तिकडे सांगायची लाज वाटते. नाव पाचवा गिअर आणि चालतोय पहिल्यात." तो हसत बाजूला झाला. भिंतीवरचं घड्याळ बाईंच्या मनगटी घड्याळाच्या पाच मिनिटं मागे होतं. "त्याचं नाव कापू नका बाई. चूक माझी. दोन दिवस राहिलेत त्याचे फक्त."

"तुम्हाला काय सांगितलं होतं त्यांनी?"

"डोळ्याचं ऑपरेशन. पडद्याकडे बघायची बंदी. म्हणाला, हजाराला पंधरा कमी असताना तुटलं तर जिवाला लागेल. शब्द दिला परवलीचा. म्हणाला, मी सांगेपर्यंत लावत जा." त्यानं बाईंना खुर्ची दिली आणि स्वतः उभाच राहिला. "आता तुम्ही म्हणाल, तुझा काय फायदा? उलट तोटा. पण बाई, डेपोत पस्तीस वर्षं हेच केलं. एखाद्याचं पोर आजारी, एखाद्याची बस चुकली, तर जो आधी पोचेल त्यानं मस्टरवर त्याचीही सही करायची. पहिल्या दिवशी शिकवतात ते. बस चालवायला नंतर. सोबत्याची हजेरी चुकू दिली तर त्या माणसाबरोबर डेपोत कुणी डबा खायला बसत नाही. आणि स्पर्धा हवी तर ती समोरासमोर. तो डोळ्याला पट्टी बांधून झोपलाय आणि मी पुढे निघून जातो, याला काय जिंकणं म्हणतात?"

"त्यांना आलेले निरोप बघितलेत कधी?"

"छे!" त्याला खरोखर राग आला. "दुसऱ्याच्या खिशात हात घालत नाही मी. आत जायचं, सही करायची, बाहेर. माझ्या खात्यातून विचारलं मात्र दोन-तीनदा, डोळा कसा आहे म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर 'वाचले'. म्हटलं चला, कुणाकडून तरी वाचून घेतोय, ठीक आहे. बंदी आहे म्हणून लिहीत नसेल."

"ते तुम्हीच वाचलं होतंत," बाई म्हणाल्या.

त्याला कळलं नाही. बाईंनी यंत्राचं समजावून सांगितलं. सावकाश, एकेक पायरी. तो मान हलवत ऐकत होता, एखाद्या नव्या मार्गाची माहिती ऐकावी तसा. शेवटी म्हणाला, "मग त्याला माझे निरोप मिळालेच नाहीत?"

"गेल्या गुरुवारचा आदला गुरुवार. दुपारनंतर कधीतरी गेले ते. हृदयविकारानं. परवा दार फोडलं."

तो खाली बसला. खुर्ची एकच होती आणि तिच्यावर बाई होत्या. तो जमिनीवर बसला, दुखरा गुडघा लांब करून.

"गुरुवार," तो म्हणाला. मग बोटांवर मोजू लागला. शुक्रवार, शनिवार, रविवार. आठाला थांबला, कालचा आणि आजचा धरून दहा झाले. "मी लावली नसती हजेरी, तर शुक्रवारी दुपारी तुमचा फोन गेला असता."

"हो."

"संध्याकाळपर्यंत माणूस."

"हो. तरी ते गुरुवारीच गेले होते. त्यानं त्यात फरक पडला नसता."

"पडून राहिला नसता."

 त्यानं मान वर केली. "बाई, ही हजेरी माणूस जिवंत आहे की नाही ते बघायला होती ना? मग तिला आकडे कुणी लावले हो?"

"मी," ऑपरेटरबाई म्हणाल्या.

६

तळमजल्याच्या सोसायटीची लिफ्ट अजून बंदच होती. बाई नको म्हणत असतानाही पाचवा गिअर सोबत आला होता. चार मजले चढायला त्याला पाऊण तास लागला. प्रत्येक मजल्यावर बाई थांबत, आणि तो म्हणे, तुम्ही व्हा पुढे, आणि बाई थांबत.

मुलगी सामान खोक्यांत भरत होती. बाईंनी तिला सगळं सांगितलं. थेंबांचा तक्ता, परवलीचा शब्द, मस्टर, आणि आत शिरताच सगळं वाचलेलं धरणारं यंत्र. पाचवा गिअर दाराला टेकून उभा होता. 

"म्हणजे शनिवारी माझा निरोप यांनी उघडला," मुलगी म्हणाली. "आणि यांनी वाचला नाही."

"वाचला असता तर बरं झालं असतं पोरी," तो म्हणाला. "आयुष्यात पहिल्यांदा वाटतंय, मी जरा हलकट असायला हवा होतो."

"बाबांनी वाचून मला टाळलं नाही."

"नाही," बाई म्हणाल्या. "तू विचारलंस तेव्हा ते नव्हतेच. तू आली असतीस तरी..."

"हो. कळलं ते." तिनं हातातली चिकटपट्टी खोक्यावर ठेवली. "दोन दिवस मला वाटत होतं, हे कळलं की हलकं वाटेल. त्यांनी नाही म्हटलेलं नाही. पण मग त्यांना कळलंच नाही ना, मी विचारलं होतं ते. ते गेले तेव्हा आमचं भांडणच चालू होतं." ती जरा हसली. "आधीचं ते उत्तर न देणं निदान त्यांच्याकडून तरी होतं."

बाईंना वाटलं, यावर काही म्हणावं. एकतीस वर्षांत त्यांनी वाईट बातम्यांचे हजारो फोन जोडून दिले होते आणि त्यातल्या एकाही फोनवर असं वाक्य ऐकलं नव्हतं ज्यानं पलीकडच्या माणसाला खरोखर बरं वाटलं.

मुलगी पाचव्या गिअरकडे वळली. "तुम्ही रोज बोलायचात त्यांच्याशी?"

"तीन वर्षं. रोज."

"माझ्याबद्दल बोलायचे कधी?"

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. खोटं बोल, असं त्यांना मनापासून वाटलं. 'पाच मिनिटांत सुटेल' असं पस्तीस वर्षं प्रवाशांच्या तोंडावर सांगणाऱ्या माणसाला हे अवघड नव्हतं.

"नाही," तो म्हणाला. "घरचं नाही बोलायचा तो. एकदाही नाही."

तिनं मान डोलावली. खोक्याची एक बाजू उघडीच होती, ती तिनं बंद केली, परत उघडली.

"मग तीन वर्षं काय बोललात?"

"काय सांगू आता," तो ओशाळला. "ही आतल्या खोलीची बिजागरी. हिच्यावर महिनाभर चाललं होतं आमचं. सव्वा महिनाच."

"एका बिजागरीवर?"

"कडाक्याचं भांडण होतं ते. बाईंना विचारा, मध्ये पडावं लागलं त्यांना."

मुलगी उठली. जाऊन तिनं आतल्या खोलीचं दार पुढे-मागे केलं. काहीच आवाज झाला नाही. तिनं पुन्हा करून पाहिलं, कान जवळ नेऊन. मग परत येऊन पलंगावर बसली आणि शेजारची खोकी सरकवून त्याला जागा केली.

"सांगा," ती म्हणाली.

"काय?"

"बिजागरीचं. पहिल्यापासून सांगा."

त्यानं बाईंकडे पाहिलं, मग तिच्याकडे. काठी भिंतीला टेकवली, गुडघा हातानं उचलून नीट ठेवला.

"पहिल्या दिवशी त्यानं लिहिलं, दार बोलतंय. मी म्हटलं, तेल घाला, विषय संपला."

"आणि बाबा काय म्हणाले?"